पन्नास मिनिटांवरचं गाव

तिकीटकाकांना कुणी अंतर विचारलं की ते आधी हसत. हाडांच्या डॉक्टरला कुणी आखडलेली मान दाखवली की तो हसतो ना, तसं. दुखणं तुमचं, पण विषय आमचा. मग ते खुर्चीतून उठत, टेबलामागच्या भिंतीवर लावलेल्या मोठ्या नकाशापाशी जात, खिशातून काळा दोरा काढत, एका विमानतळाच्या ठिपक्यावर त्याचं टोक अंगठ्यानं दाबून दुसऱ्या ठिपक्यापर्यंत ताणत. तेवढा दोरा खालच्या मोजपट्टीवर ठेवायचा, आकडा वाचायचा आणि गिऱ्हाइकाकडे न बघता विमानाला किती वेळ लागेल ते सांगून टाकायचं. संगणकावर हे सगळं एका बोटासरशी दिसत होतं. पण संगणकाला कुणी मान देत नाही, दोऱ्याला देतात, हे काकांनी फार पूर्वीच हेरलं होतं.

अशा रीतीनं उभी हयात त्यांनी लोकांना विमानात बसवलं. स्वतः मात्र एकदाही बसले नव्हते. ही गोष्ट ते लपवत नसत, फक्त कुणी विचारायच्या आत विषय बदलत. फारच कुणी खोदून विचारलं तर, हॉटेलातला आचारी घरी जाऊन चूल पेटवतो का, असं उत्तर तयार होतं. त्या उत्तराचा प्रश्नाशी काय संबंध, हे त्यांना स्वतःलाही धड सांगता आलं नसतं. पण ऐकणारा जरा गोंधळे आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक येई.

त्यांची एकुलती एक लेक जनावरांची डॉक्टर होती. हातांवर कायम ओरखडे, बुटांना कायम चिखल आणि तोंडात कायम एखाद्या आजारी गाईची चौकशी. तिला डोंगरापलीकडच्या गावातल्या मोठ्या गोशाळेच्या दवाखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. काम मनासारखं होतं, वरचे डॉक्टर नावाजलेले होते आणि सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. मुलगी मोठी होती, कमावती होती, विचारायची तिला गरज नव्हती. तरी ती म्हणाली, की आईनं मनापासून हो म्हटलं तर जाते. तोंडदेखलं म्हणणार असेल तर इथलं आहे ते बरं आहे.

आई, म्हणजे काकू, घरीच पडदे शिवून द्यायच्या. त्यांनी गावाचं नाव ऐकलं, मशीनचं पायडल थांबवलं आणि लांब आहे एवढंच म्हणून पुन्हा चालू केलं.

झालं. काकांना आयतंच व्यासपीठ मिळालं. लांब? कोण म्हणतं लांब? रस्त्यानं डोंगराला वळसा घालून जायचं म्हटलं तर बसला अकरा तास लागतात, कबूल. पण वरून? दुसऱ्याच दिवशी त्यांनी कचेरीत दोरा लावला. तीनशे दहा किलोमीटर. छोटं पंख्याचं विमान. पन्नास मिनिटं!

तो आठवडाभर काकांनी पन्नास मिनिटांचा जप लावला. पन्नास मिनिटांत तर तुझ्या मशीनमधले कपडे धुऊन होत नाहीत, असं बायकोला ऐकवलं. दाढी करताना न्हाव्याला सांगितलं, जिन्यात शेजाऱ्याला सांगितलं. शेजारी म्हणाला, की त्याचा भाऊ इथंच, गावाच्या पलीकडच्या टोकाला राहतो, त्याच्याकडे जायलाही तेवढाच वेळ लागतो. काकांनी ते वाक्य लगेच उचललं आणि घरी येऊन स्वतःचं म्हणून खपवलं.

काकूंनी ऐकून घेतलं. हातातल्या कापडाला टाचण्या लावून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

"मग असं करू. शनिवारी सकाळचा चहा पिऊन आपण दोघं निघू. तिची राहायची खोली बघू, गाव बघू, आणि संध्याकाळच्या चहाला घरी. आलो वेळेत तर मी हो म्हणते. मनापासून."

"अगं, त्यात काय," काका म्हणाले.

त्यात काय काय होतं, ते शनिवारी कळायचं होतं.

लेकीला शनिवारी इथल्या दवाखान्यातून सुट्टी नव्हती, म्हणून दोघंच निघाली. पहिला धक्का असा, की विमानतळ गावात नव्हता. म्हणजे हे काकांना माहीत होतं. सत्तावीस वर्षं ते गिऱ्हाइकांना बजावत आले होते, की विमानतळ बाहेर आहे, हातात वेळ ठेवून निघा. पण दुसऱ्याला बजावलेली गोष्ट आपल्याला लागू होते, हे माणसाला फार उशिरा सुचतं. टॅक्सी गावाबाहेर पडता पडता काकूंनी एकदा घड्याळ पाहिलं. काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं हे टॅक्सीच्या मीटरसारखं होतं, नुसतं चालू असायचं.

दुसरा धक्का तपासणीत. पट्ट्यावरून काकूंची पर्स सुखरूप गेली. काकांचा कोट अडला. आतल्या खिशात दोरा कापायची छोटी कात्री होती. तिकीट हातात देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला ते जे पाठ म्हणून दाखवत, त्यात चाकू, कात्री, नेलकटर अशा क्रमानं कात्री दुसऱ्या नंबरवर होती.

"पहिल्यांदाच जाताय का, काका?" तपासणीवाल्या पोरीनं विचारलं. ती चांगल्या मनानं विचारत होती, म्हणून ते जास्तच लागलं.

"त्यांचा हाच धंदा आहे," काकूंनी मागून खुलासा केला.

पोरीनं काकांकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. कात्रीचा धंदा आहे असं तिला वाटलं असावं. काकांनी कात्री मुकाट्यानं तिच्या डब्यात टाकली.

विमान उशिरा सुटलं. का उशिरा, ते कुणी सांगितलं नाही. गिऱ्हाइकानं फोन करून हेच विचारलं की काका म्हणायचे, वरचा मार्ग मोकळा नसेल. आता त्यांनी बायकोला तेच सांगितलं. बायकोनं खिडकीबाहेर पाहिलं. आभाळ कोरं करकरीत, एक पक्षीसुद्धा नव्हता.

जागा काकांनी स्वतः निवडून घेतली होती. डावीकडची, खिडकीजवळची. सकाळी दक्षिणेला जाणाऱ्या विमानात डावीकडे सावली असते, हे त्यांचं खास ज्ञान. ते नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच देत. विमान वर गेलं, वळलं, सरळ झालं आणि भट्टीचं दार उघडावं तसं ऊन काकूंच्या तोंडावर आलं. काकूंनी डोळे मिटले. मग पदराचा पंखा केला. मग पुढच्या खिशातली सूचनापत्रिका काढून गालाला लावली.

मागच्या रांगेतून कुणीतरी हाक मारली. औषधवाला होता, काकांचं जुनं गिऱ्हाईक, मालाच्या कामासाठी महिन्याला खाली-वर करणारा. त्याच्या टकलावर घाम चमकत होता.

"काका, दर वेळी तुम्ही मला डावीकडची देता ना, सावलीची म्हणून. मी भाजून निघतो. पण म्हटलं, माणूस जाणता आहे, आपलंच काही चुकत असेल."

काकांनी नकाशा डोळ्यांसमोर आणला. नकाशासमोर उभं राहिलं की आपल्या डावीकडे पश्चिम. बरोबर. पण दक्षिणेकडे तोंड करून बसलेल्या माणसाच्या डावीकडे? त्यांनी मांडीवर तळहात पालथा ठेवला, बोटं खाली वळवली, उलटी केली. पलीकडच्या रांगेतल्या बाईंना वाटलं, यांना मुंग्या आल्या. काकांच्या डोळ्यांपुढून मात्र माणसं चालली होती. नवविवाहित जोडपी, म्हातारे सासू-सासरे, परीक्षेला निघालेली पोरं, एक दोन वेळा नगराध्यक्षसुद्धा. सगळ्यांना त्यांनी निवडून निवडून उन्हात बसवलं होतं, आणि वर सगळ्यांनी आभार मानले होते. नकाशासमोर उभा राहणारा आणि विमानात बसणारा, या दोघांची तोंडं वेगवेगळ्या दिशेला असतात, एवढं कळायला विमानात बसावं लागतं.

"वाऱ्याचा परिणाम असेल," ते औषधवाल्याला म्हणाले. आणि हे वाक्य तोंडातून पडताच त्यांना स्वतःचीच गंमत वाटली. उंटावरून शेळ्या हाकणारा निदान उंटावर तरी बसलेला असतो. आपण तर खुर्चीवर.

एक गोष्ट मात्र खरी ठरली. चाकं सुटल्यापासून चाकं टेकेपर्यंत काकांनी घड्याळ डोळ्यांआड होऊ दिलं नव्हतं. अठ्ठेचाळीस मिनिटं! त्यांनी मनगट बायकोपुढे धरलं. ऊन लागून लालबुंद झालेल्या काकूंनी त्याकडे नीट पाहिलं, आणि छान झालं म्हणाल्या. खरंच म्हणाल्या. खिडकीतून खाली दिसणारा डोंगर त्यांनी उन्हातही डोळे किलकिले करून सबंध पाहिला होता.

बाहेर आल्यावर काकांनी टॅक्सीवाल्याला रुबाबात पत्ता दिला. त्यानं कागद वाचला, मग या दोघांकडे पाहिलं, मग बाकीच्या टॅक्सीवाल्यांकडे.

"गावात जायचंय तुम्हाला?"

"मग आम्ही कुठं आलोय?" काकूंनी विचारलं.

टॅक्सीवाला म्हणाला, की नाव गावाचं आहे, पण गाव इथं नाही. सपाट जमीन इथं मिळाली म्हणून विमानतळ इथं बांधला. गाव त्या तिकडे, टेकड्यांच्या मागे. रस्ता मोकळा असेल तर दीड तास.

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नकाशावर तो ठिपका एकच होता. त्या ठिपक्यात विमानतळ मावत होता, गाव मावत होतं, मधल्या टेकड्या, फाटक, ट्रकांची रांग आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करणारा बैल, सगळं मावत होतं. दोरा तेवढा ठिपक्याच्या कडेला येऊन थांबला होता.

"पडद्याचं कापड नुसतं खिडकीएवढं मोजलं," काकू गाडीत बसताना म्हणाल्या, "तर शिवणीला कुठून आणायचं हो?"

काकांनी काच खाली केली आणि बाहेर बघत बसले. निदान पैज तरी आपण लावली नव्हती, एवढं समाधान शोधून पाहिलं. पुरलं नाही.

खोली चांगली होती. ती पाहायला जेमतेम अर्धा तास हातात उरला होता, पण काकूंना अर्धा तास म्हणजे पुष्कळ. खाली घरमालकीण राहायची. पोहायला शिकवणारी रुंद खांद्यांची बाई, बोलणं तुटक, हसणं मोकळं. काकूंनी नळ सोडून पाहिला, धार मोजली, बंद केला. दाराला आतून कडी लावून बाहेरून काकांना ढकलायला सांगितलं. काकांनी ढकललं. आणखी जोरात, आतून आवाज आला. काकांनी खांदा लावला. दार हललं नाही, काका मात्र खांदा चोळत राहिले. मग गादी दाबून झाली, कपाटातला वास घेऊन झाला, खिडकीला पडदा नव्हता तिथं टेप लावून झाली. टेप त्यांनी येतानाच पर्समध्ये घातली होती. पडद्याचं माप घ्यायला आलेली बाई नाही म्हणायला आलेली नसते. पण हे तेव्हा काकांच्या ध्यानात आलं नाही. ते खिडकीतून खाली बघत होते.

खाली दवाखान्याचं आवार होतं. गुडघ्याएवढे बूट घातलेल्या दोन तरुण डॉक्टर मुली एका वासराला वजनकाट्यावर चढवत होत्या. वासरू हट्टी. एकीनं पुढून ओढलं, दुसरीनं मागून लोटलं, वासरू बाजूला सरकलं आणि मागची मुलगी सपशेल चिखलात बसली. दोघी पोट धरून हसल्या. काकूही काकांच्या खांद्यावरून बघत खुदकन हसल्या.

काका हसले नाहीत. त्यांना त्या चिखलात बसलेल्या मुलीच्या जागी आपली दिसली. ती खुशीत होती, आणि हात देऊन उठवायला दुसरं कुणीतरी होतं. आठवडाभर घरात ढोल पिटणारा माणूस तो हाच का, असं त्यांना वाटून गेलं.

परतीचं विमान आणखी उशिरा सुटलं. संध्याकाळच्या चहाची वेळ विमानतळावरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर झाली. काका दोन कागदी पेले घेऊन आले. चहा पाणचट होता. काकूंनी बिनबोभाट प्यायला. पैज हरल्याचं कुणी बोललं नाही. आश्चर्य म्हणजे काकांना आतून हलकं वाटत होतं. हरलो तर हरलो. दिवस गेला, दिवसभराच्या अंतरावरचं गाव आहे, बायको नाही म्हणेल, पोरगी घरीच राहील, आणि दोष विमान कंपनीचा. आपण तर बिचारे हो म्हणणारे. इतका सोयीस्कर पराभव त्यांच्या वाट्याला जन्मात आला नव्हता.

घरी पोहोचले तेव्हा लेक ताट वाढून वाट बघत होती. तिनं दोघांच्या तोंडांकडे पाहिलं. आईचं उन्हानं लाल, बापाचं नुसतंच पडलेलं. ती पाणी देऊन समोर बसली.

"कडी चांगली आहे," काकू म्हणाल्या. "खाली बाई आहे ती खमकी आहे. पाण्याला धार आहे. आणि तिथल्या मुली हसतात. जा तू."

"आई, मनापासून?"

"पडद्याचं माप घेऊन आलेय. अजून काय पाहिजे?"

लेकीचा चेहरा उजळला. आणि नेमकं तेव्हाच काकांना कंठ फुटला. घाई कशाला, ते म्हणाले. सगळा दिवस जातो. विमानतळ गावात नाही. रस्त्यात ट्रक आहेत. विमान वेळेवर सुटत नाही, आणि पावसाळ्यात तर सुटतच नसेल. शिवाय खिडकी दवाखान्याच्या बाजूला आहे. शिवाय जनावरं हट्टी आहेत, त्यांनी स्वतः पाहिलं.

काकूंनी भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

"अहो, पण पन्नास मिनिटं ना?"

"ती विमानाची," काका म्हणाले.

गिऱ्हाइकाला द्यायला त्यांच्याकडे शंभर वाक्यं होती. त्यांतलं एकही या ताटापाशी चालणारं नव्हतं. आठवडाभर आपण बायकोला पटवत होतो असं त्यांना वाटत होतं. आता ध्यानात आलं, की ती बाई पहिल्याच दिवशी लांब आहे म्हणाली आणि मोकळी झाली. लांब आहे हे पचवूनच ती आज निघाली होती. दोरा ताणून ताणून गाव जवळ आणायची गरज होती ती भलत्यालाच.

"बाबा," लेक म्हणाली, "विमानतळ गावापासून लांब आहे ते मला माहीत होतं. मी बघितलं होतं."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही इतकं छान सांगत होता."

काकांना हसू आलं. आधी थोडं, मग अंग गदगदेपर्यंत. घरातल्या तीन माणसांपैकी दोघींना सगळं ठाऊक, आणि तिसऱ्याच्या पाठीमागे भिंतभर नकाशा. त्यांनी डोळे पुसले. पुसताना जरा जास्त वेळ लावला, पण दोघीही चाणाक्ष, ताटात बघत राहिल्या.

"लांब आहे," शेवटी ते म्हणाले. "चांगलं लांब आहे. आणि तरी जा. जवळ आहे म्हणून जाऊ नकोस."

लेकीनं मान हलवली. मग तिनं बसल्या जागी फोनवरून होकार कळवून टाकला. सोमवारची वाट बघितली नाही. कळवून झाल्यावर फोन बापापुढे सरकवला, आणि तिकीट आत्ताच काढून टाका म्हणाली. पुढच्या महिन्याची एक तारीख.

काकांनी चष्मा लावला. ताट बाजूला केलं, टेबल पुसलं, कचेरीतल्यासारखे ताठ बसले. तारीख घातली. सकाळचं विमान. मग सवयीनं, मान वर न करता, दिवसातून वीसदा विचारतात तसं त्यांनी विचारलं, "परतीचं कधीचं?"

बाहेर जिन्यात शेजारी कुलूप लावत होता, तेवढा आवाज आला.

"तारीख उघडी ठेवता येते का?" लेकीनं हळूच विचारलं.

"तशी तिकिटं आता मिळत नाहीत," काका म्हणाले. कुठल्याही गिऱ्हाइकाला त्यांनी हेच सांगितलं असतं, आणि याच आवाजात.

"मग जायचंच काढा," काकू म्हणाल्या.

काकांनी जायचंच काढलं. पण शेवटचं बटण दाबायच्या आधी प्रवाशाचं नाव वाचून दाखवायचं असतं. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर दारात अडवतात. हा नियम त्यांनी आजवर कुणासाठीही मोडला नव्हता. म्हणून, जे नाव त्यांनीच ती चार दिवसांची असताना ठेवलं होतं, ते त्यांनी फोनच्या पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर सुटं करत वाचलं, आणि समोर बसलेली लेक प्रत्येक अक्षराला हो म्हणत गेली.